नाक्यापाशी थांबलेला हंगाम

४ ऑक्टोबर २०१९ ची संध्याकाळ. वरळीच्या एनएससीआय घुमटाखाली सत्तर शाळांमधली तीन हजारांवर मुलं घसा बसेपर्यंत ओरडत होती. समोर सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळत होते. हंगामपूर्व का होईना, पण एनबीए या बास्केटबॉल लीगच्या दोन संघांमधला भारतातला हा पहिलाच सामना. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, जुहूला वाढलेले. आपल्या गावी आणलेला आपला संघ जिंकावा असं त्यांना नक्कीच वाटलं असणार. पण सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने खिशात घातला. त्यांच्या टी. जे. वॉरनने ३० गुण केले. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आमच्या मीरा-भाईंदरची जी मुलं बास्केटबॉल मनावर घेतात, त्यांच्यासाठी तो घुमट म्हणजे पंढरी झाला होता. पण सहा महिन्यांनी, एप्रिल २०२० मध्ये, त्याच जमिनीवर खाटांच्या रांगा लागल्या. मुंबई महापालिकेने तिथे कोविड केंद्र उघडलं. जिथे चेंडूचे ठोके घुमले होते तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात झाकलेली माणसं फिरू लागली.

त्या दोन वर्षांत खेळांचं काय झालं, यावर बरंच लिहून झालं आहे. या लेखाचा प्रश्न जरा अरुंद आहे. ज्या व्यावसायिक लीगचे संघ एकाहून अधिक देशांत किंवा निदान एकाहून अधिक राज्यांत विखुरलेले असतात, त्यांनी सीमा बंद झाल्यावर काय केलं? कोणाला काय परवडलं? आणि जगभराच्या या हिशेबात दहिसर चेकनाक्याच्या अलीकडचा एक पोरगा कुठे बसतो?

लीग म्हणजे रस्ता

आपल्याकडे स्पर्धा म्हटली की डोळ्यांसमोर मैदान येतं. मंडळाने मैदान आखायचं, दिवे लावायचे, बाहेरगावचे संघ मुक्कामाला यायचे आणि तिसऱ्या रात्री चषक कोणीतरी घेऊन जायचं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल अशीच वाढली. लीगचा कारभार याच्या उलटा. तिथे मैदान एक नसतं. संघच एकमेकांच्या घरी जातात. आज मी पाहुणा, महिनाभराने तू. तिकीट विकलं जातं ते ‘आपल्या गावात आपला संघ’ या भावनेवर. म्हणजे लीगचा खरा कणा तिचं प्रवासाचं वेळापत्रक. चेंडू, जाळी आणि पंच कुठेही मिळतात. विमान, व्हिसा आणि उघडा रस्ता मिळेलच असं नाही.

साथ नेमकी त्याच ठिकाणी घाव घालते, आणि हा घाव काही पहिला नव्हता. १९१९ मध्ये आइस हॉकीच्या स्टॅनले चषकासाठी कॅनडाचा माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ खंड ओलांडून अमेरिकेतल्या सिॲटलला गेला होता. स्थानिक मेट्रोपॉलिटन्सशी पाच सामने झाले. दोन याचे, दोन त्याचे, एक बरोबरीत. निर्णायक सामन्याआधी पाहुण्या संघातले एकेक खेळाडू इन्फ्लुएंझाने अंथरुणाला खिळले आणि १ एप्रिलचा सामना रद्द झाला. जो हॉल हा खेळाडू चार दिवसांनी सिॲटलमध्येच वारला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही. पुढे चषकावर दोन्ही संघांची नावं कोरली गेली आणि खाली लिहिलं गेलं, मालिका अपूर्ण.

शंभर वर्षांनी, ११ मार्च २०२० च्या रात्री, ओक्लाहोमा सिटीत यूटा जॅझचा सामना सुरू व्हायला काही क्षण असताना खेळाडूंना आत पाठवण्यात आलं. जॅझच्या रूडी गोबेरची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. दोनच दिवसांपूर्वी पत्रकार परिषदेतून उठताना याच गोबेरने गंमत म्हणून टेबलावरच्या सगळ्या माइकना हात लावले होते. त्याच रात्री सॅक्रॅमेंटोतही प्रेक्षक बसले होते, रणदिव्यांचे किंग्ज खेळायला तयार होते. पण नेमलेल्या पंचांपैकी एकाने थोड्याच दिवसांपूर्वी जॅझच्या सामन्यात शिटी फुंकली होती. तोही सामना गेला. एनबीएने हंगाम थांबवला आणि पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत जगभरच्या लीगनी एकामागून एक शटर ओढलं.

गाशा गुंडाळणारे

सगळ्यात सोपा उपाय गाशा गुंडाळण्याचा. ज्यांच्यापुढे सर्वांत जास्त सीमा होत्या त्यांनी तोच केला.

बास्केटबॉलच्या युरोलीगचे अठरा संघ स्पेनपासून रशियापर्यंत आणि लिथुआनियापासून इस्रायलपर्यंत पसरलेले. १२ मार्चला लीग थांबली तेव्हा ३४ पैकी २८ फेऱ्या झाल्या होत्या आणि इस्तंबूलचा अनाडोलू एफेस २४ विजय, ४ पराभव अशा थाटात पहिला होता. २५ मे रोजी हंगाम रद्द झाला. कुणालाच विजेता ठरवलं नाही. एफेसच्या पाठीराख्यांना काय वाटलं असेल, हे ज्यांचा संघ गुणतक्त्यावर पहिला असताना पावसाने खेळ धुतला आहे, त्यांना सांगायला नको. एफेसचं नशीब मात्र दांडगं. पुढच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, ३० मे २०२१ रोजी, कोलोनच्या मोकळ्या खुर्च्यांसमोर त्यांनी बार्सिलोनाला ८६-८१ असं हरवून राहिलेलं देणं वसूल केलं.

बाल्कन देशांची एबीए लीग २००१ पासूनची. युगोस्लाव्हिया फुटून दहा वर्षंही धड झाली नव्हती, तेव्हा नव्याने आखलेल्या सीमांच्या दोन्ही बाजूंचे क्लब पुन्हा एकमेकांविरुद्ध खेळू लागले ते या लीगमुळे. युद्धाच्या आठवणी ताज्या असताना जी सीमा बास्केटबॉलने ओलांडली, ती विषाणूपुढे बंद झाली. साखळी फेरी संपायला आली होती, तरी मे महिन्यात हंगाम रद्द करावा लागला. रशिया आणि शेजारच्या देशांमधल्या व्हीटीबी लीगने तर मार्च संपायच्या आतच कुलूप लावलं.

आपल्याला जवळचं उदाहरण आग्नेय आशियाचं. २००९ साली सुरू झालेल्या आसियान बास्केटबॉल लीगच्या २०१९-२० च्या हंगामात दहा संघ होते: सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, सायगाव, मनिला, हाँगकाँग, तैवानचे दोन आणि मकावचे दोन. चीनच्या उंबरठ्यावरचे संघ असल्यामुळे या लीगला साथीची झळ इतरांच्या आधी बसली. मार्चमध्ये खेळ थांबला आणि जुलैत हंगाम रद्द झाला. इथवर गोष्ट युरोपसारखीच. फरक पुढे पडला. युरोलीग सहा महिन्यांत उठून उभी राहिली. आसियान लीगला नाव पुन्हा लावायला २०२३ उजाडलं, तेही निमंत्रितांच्या स्पर्धेपुरतं.

मधल्या काळात संघ हातावर हात ठेवून बसणार होते थोडेच? तैवानच्या दोन्ही संघांनी घरचा रस्ता धरला आणि २०२० मध्ये स्थापन झालेल्या पी. लीग प्लस या देशी लीगमध्ये ते सामील झाले. तैवानमध्ये त्या वर्षी साथ आटोक्यात होती, सभागृहं उघडी होती, प्रेक्षक येत होते. सीमा मिटल्यावर कुंपणाच्या आत नवं अंगण तयार झालं. सीमापार लीगचं खरं नुकसान हे. तिला एक हंगाम गमावल्याचं दुःख असतंच, पण तिच्यावाचून चालतं हे संघांना कळतं, ते जास्त महागात पडतं.

परीघात बसणारे

दुसरा उपाय होता लीगला पुन्हा स्पर्धा करून टाकण्याचा. सगळ्यांना एका जागी कोंडायचं, बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही आणि हंगाम उरकायचा. वर्तमानपत्रांनी याला ‘जैव-सुरक्षा परीघ’ असं भारदस्त नाव दिलं. खेळाडू आणि आपण सगळे बबलच म्हणत राहिलो.

एनबीएने ऑर्लँडोजवळच्या डिस्नेच्या आवारात ३० पैकी २२ संघ बोलावले. वरळीला आलेले दोन्ही त्यात होते. ३० जुलै ते ११ ऑक्टोबर २०२० असा हंगाम पुरा झाला, लॉस एंजेलिस लेकर्स जिंकले आणि परीघात दाखल झालेल्या खेळाडूंमध्ये लागण पसरली नाही. खर्च सुमारे १९ कोटी डॉलर आणि वाचलेलं उत्पन्न दीड अब्ज डॉलर, असा हिशेब तेव्हा प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांच्या जागी पडद्यांवर घरबसल्या चाहत्यांचे चेहरे लावले होते. त्या पडद्यांसमोर १ ऑगस्टला एका खेळाडूने एकट्याने ५३ गुण ठोकले. कोण? आपला वॉरन. वरळीत तीन हजार पोरांनी डोक्यावर घेतलेला हा माणूस आयुष्यातला सर्वांत मोठा खेळ खेळला तो रिकाम्या हॉलमध्ये.

आफ्रिकेची गोष्ट याहून हृद्य. बारा देशांच्या बारा क्लबांची बास्केटबॉल आफ्रिका लीग सुरू व्हायची होती १३ मार्च २०२० ला, सेनेगलच्या डाकारमध्ये. मुहूर्ताच्या तोंडावर सगळं पुढे ढकललं गेलं. चौदा महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, रवांडाच्या किगालीत पंधरा दिवसांच्या परीघात पहिला हंगाम झाला आणि इजिप्तचा झमालेक जिंकला. ही लीग जन्मली तीच विलगीकरणात, पण जगली.

आपल्याकडे परीघाचं माहेरघर झालं गोवा. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० च्या हंगामाचा अंतिम सामना १४ मार्च २०२० ला फातोर्ड्याला प्रेक्षकांविना झालाच होता. त्या नोव्हेंबरपासून पुढचा अख्खा हंगाम गोव्यातच आला: अकरा संघ, तीन मैदानं, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. संघांनी हॉटेलं वाटून घेतली. बंगालचा संघ, केरळचा संघ, ईशान्येचा संघ, सगळे गोव्यात बिऱ्हाड करून. १३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला; बिपिन सिंगचा निर्णायक गोल अगदी शेवटच्या मिनिटाला आला. मुंबईच्या फुटबॉलमधलं हे मोठंच यश, आणि त्या हंगामात अंधेरीच्या घरच्या मैदानावर संघाचा एकही सामना नव्हता. नावात मुंबई आणि पायाखाली गोव्याची हिरवळ.

पण सीमापार खेळाची खरी कसोटी त्याच गोव्यात महिनाभराने लागली. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पश्चिम विभागातल्या एका गटाचे सगळे सामने मडगावच्या फातोर्ड्याला ठेवले होते. इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल-रय्यान, अमिरातीचा अल-वहदा आणि यजमान एफसी गोवा. या स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचलेला हा पहिला भारतीय क्लब. एरवी हे सामने तेहरान, दोहा, अबुधाबी असे फिरते झाले असते; परीघामुळे ते मडगावकरांच्या दारात आले आणि मडगावकरांना आत मात्र जाता आलं नाही. १९९८ चा विश्वविजेता लोराँ ब्लाँ ज्याचा प्रशिक्षक, त्या अल-रय्यानला गोव्याच्या पोरांनी दोन्हीदा बरोबरीत रोखलं. गॅलरीत टाळी वाजवायला कोणी नव्हतं. बाहेर दुसरी लाट डोक्यावरून चालली होती. महिना संपता संपता गोव्यातही टाळेबंदी लागली.

कबड्डीला परीघात यायला सर्वांत उशीर झाला, आणि त्यात नवल नाही. श्वास आणि स्पर्श या दोनच भांडवलांवर चालणारा खेळ हा. एका दमात घुमवायचं, सात जणांच्या अंगाला भिडायचं आणि सातांनी मिळून एकाला मिठीत दाबायचं! अंतर राखण्याचे नियम करणाऱ्याने कबड्डी डोळ्यांसमोर ठेवूनच ते केले की काय, असं वाटावं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सातवा हंगाम संपलेली प्रो कबड्डी लीग थेट डिसेंबर २०२१ मध्ये परतली, तीही बंगळूरूच्या एका पंचतारांकित हॉटेलात, प्रेक्षकांवाचून. मातीतल्या खेळाने गालिचावर राहून दिवस काढले.

बिऱ्हाड पाठीवर

तिसरा मार्ग परमुलखी संसार थाटण्याचा.

एनबीए ही आपण समजतो तशी निव्वळ अमेरिकी लीग नाही. टोरांटो रॅप्टर्स कॅनडाचे. २०१९ चे हे विजेते २०२०-२१ च्या हंगामात स्वतःच्या शहरात पाऊल टाकू शकले नाहीत, कारण कॅनडाची सीमा बंद होती. त्यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पात भाड्याचं घर केलं. २७ विजय, ४५ पराभव. कित्येक वर्षांनी बाद फेरीही चुकली. ‘घरच्या मैदानाचा फायदा’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्याची किंमत किती असते हे टॅम्पाने आकड्यांत दाखवलं.

आयपीएलकडे पैसा भरपूर, म्हणून तिने हे तिन्ही मार्ग चोखाळून पाहिले. २०२० चा हंगाम १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर दुबई, अबुधाबी, शारजाला झाला आणि मुंबई इंडियन्स जिंकले. २०२१ मध्ये धीर वाढला आणि एप्रिलमध्ये सामने भारतात आले. वानखेडेवर दहा सामने झाले. त्या दिवसांत महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते, सर्वसामान्यांच्या लोकल प्रवासावर बंधनं होती आणि चर्चगेटचा दिव्यांचा झोत तेवढा रात्री अकरापर्यंत लखलखत होता. २९ सामन्यांनंतर, ४ मे रोजी, परीघाला भोक पडलं आणि स्पर्धा थांबली. उरलेला अर्धा भाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा अमिरातीत.

२०२२ ला निराळीच युक्ती निघाली. साखळीचे सगळे ७० सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे या चार मैदानांवर ठेवले, म्हणजे विमान लागायलाच नको. तरीही दिल्लीच्या संघात लागण झाली तेव्हा २० एप्रिलचा सामना गहुंज्याहून ब्रेबॉर्नला आणला, कारण बसचा तेवढा प्रवासही नको वाटला. द्रुतगती मार्गावरचे तीन तास! जगातल्या श्रीमंत लीगांपैकी एकीला साथीने शिकवलेला धडा इतका साधा होता. रस्ता जितका कमी, तितका खेळ जास्त.

दहिसरच्या अलीकडे

आता आपला नाका. मीरा-भाईंदर हे २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांचं शहर. एका बाजूला दहिसर चेकनाका, त्यापलीकडे मुंबई. दुसऱ्या बाजूला भाईंदरची खाडी, पलीकडे वसई. जिल्हा ठाणे, पोटापाण्याची सोय मुंबईत. एरवी या सीमा आम्हाला टोलच्या रांगेपुरत्या दिसत. २०२० मध्ये त्या खऱ्या झाल्या. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. जूनच्या मध्यावर सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेसाठी. जिल्हा ओलांडायला ई-पास. जुलैत महापालिकेने आपल्या हद्दीत वेगळी टाळेबंदी लावली. टेंभ्याचं भीमसेन जोशी रुग्णालय कोविड रुग्णालय झालं. भर साथीत, १ ऑक्टोबर २०२० ला, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून नवं पोलीस आयुक्तालयही आलं. कागदावरची हद्द वाढली; माणसं जिथल्या तिथे.

आमच्या विंगमध्ये अकराव्या मजल्यावर एक मुलगा राहतो. मार्च २०२० मध्ये तो पंधरा वर्षांचा होता. आठवड्यातून चार दिवस भाईंदर लोकल पकडून मुंबई सेंट्रलला उतरायचा आणि चालत नागपाड्याला सरावाला जायचा. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलची गंगोत्री. मस्तान वायएमसीए, नागपाडा नेबरहूड हाऊस; अब्बास मुंतसीरसारखा अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू याच गल्ल्यांतला. मीरा रोडच्या पोराला जिल्हा ओलांडून तिथे पोहोचणं हीच त्याची सीमापार लीग. लोकलचा पास हा त्याचा व्हिसा.

टाळेबंदी लागली आणि सोसायटीच्या कोर्टाच्या फाटकाला साखळी पडली. रिंगखाली भाजीचा टेम्पो उभा राहू लागला. टोकन घेऊन खाली जायचं, बटाटे फ्री-थ्रोच्या रेषेवर आणि कांदे तीन गुणांच्या कमानीबाहेर. पोराने घरात चेंडू आपटायला सुरुवात केली. दोन दिवसांत दहाव्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार. ‘वरून ठप ठप आवाज येतो, बाबांचं बीपी वाढतं.’ तो गच्चीवर गेला. सेक्रेटरीकाकांनी गच्चीला कुलूप लावलं. तो पार्किंगमध्ये गेला, वॉचमनने हाकललं. शेवटी त्याने गादी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर चेंडू आपटायला लागला. गादीवर चेंडू उसळत नाही. ‘काकू, यात मनगट जास्त तयार होतं,’ असं त्याने मला लिफ्टमध्ये, मास्कआडून सांगितलं होतं. ते खरं की स्वतःची समजूत, कोण जाणे.

५ ऑगस्ट २०२० पासून राज्य सरकारने काही मैदानी खेळांना परवानगी दिली. टेनिस, गोल्फ, मोकळ्या जागेतलं बॅडमिंटन, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब. यादीचं सूत्र होतं की सांघिक खेळ नको. सूत्राला तोड नव्हती. पण मीरा रोडला गोल्फ कोण खेळतो? आणि एकटा मुलगा एका रिंगमध्ये चेंडू टाकत असेल तर तो सांघिक खेळ की वैयक्तिक, याचं उत्तर वॉचमनकडे नव्हतं. साखळी तशीच राहिली.

हिशेब

सगळे आकडे शेजारी मांडले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. साथीने खेळ थांबवला असं आपण म्हणतो. तिने थांबवला तो प्रवास. ज्यांच्याकडे प्रवासाला पर्याय विकत घ्यायची ऐपत होती त्यांचा हंगाम झाला: हॉटेल घेतलं, विमान ठरवलं, दुसऱ्या देशात घर केलं. मधल्या फळीच्या, तिकिटांवर आणि स्थानिक प्रायोजकांवर जगणाऱ्या सीमापार लीगा कोलमडल्या किंवा आक्रसल्या. आणि ज्यांचा हंगाम कुठल्याच वेळापत्रकावर छापलेला नव्हता, त्यांची गणतीही झाली नाही. परीघाची वाखाणणी करताना हे विसरायला होतं की परीघ फक्त वर्तुळाच्या आतल्यांना वाचवतो.

साथीतून शिकलेली एक गोष्ट मात्र कामाची निघाली. सगळे संघ एका शहरात गोळा करायचे, आठवडाभर खेळायचं, मग सगळा तांडा पुढच्या शहरात न्यायचा. बास्केटबॉलसारख्या, भारतात अजून पाय रोवत असलेल्या खेळाला हे परवडतं. युनायटेड बास्केटबॉल अलायन्सच्या मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज वगैरे संघांचा प्रयोग २०१७ नंतर विरून गेला होता. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगने कोची, जयपूर, पुणे असा तांड्याचाच मार्ग धरला. राष्ट्रीय संघानेही परीघातूनच वाट काढली. एरवी घरी-दारी होणारे आशिया चषकाचे पात्रता सामने एका जागी खेळवले गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जेद्दाहला पॅलेस्टाईनला हरवून भारताने स्थान मिळवलं. म्हणजे लीग फिरून पुन्हा आपल्या जुन्या, मांडव टाकून होणाऱ्या स्पर्धेच्या जवळ आली. आपल्या मंडळांना हे कधीपासून ठाऊक होतं.

या तांड्यात आणखी एक शक्यता दडलेली आहे. नागपाड्यासारखं एकच केंद्र आणि तिथवर पोहोचायला दीड तासाची लोकल, अशी मुंबई महानगराच्या खेळाची रचना आहे. लोकल थांबली की सगळ्या उपनगरांचा खेळ एका रात्रीत थांबतो. मीरा-भाईंदर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली या प्रत्येक शहराची आपली छोटी लीग असेल, सोसायट्यांच्या कुलूपबंद कोर्टांवर का होईना पण नाका न ओलांडता खेळता येईल अशी, तर पुढच्या वेळी निदान पहिली शिथिलता मिळताच मुलं खेळतील. तैवानच्या संघांनी केलं ते हेच.

एनएससीआयचा घुमट पुन्हा खेळाकडे आला. १७ डिसेंबर २०२२ ला तिथे प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटण जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ अशी हरली. गॅलऱ्या भरल्या होत्या. खाटा कधी होत्या हे कोणी आठवलं असेल असं वाटत नाही, आणि कदाचित तेच बरं.

अकराव्या मजल्यावरच्या मुलाचं तेव्हा अठरावं वर्ष सरून गेलं होतं. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे. २०२०-२१ आणि २०२१-२२ ही दोन वर्षं त्या स्पर्धा झाल्याच नाहीत. सतरा वर्षांखालच्या गटात त्याचं शेवटचं वर्ष होतं, ते गादीवर चेंडू आपटण्यात गेलं. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी मागच्या इयत्तांमधला खेळ धरायची सवलत मिळाली, ते ठीकच झालं. पण सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या घरांत अशा फायली जपल्या जातात, तशी त्याच्या आईनेही एक जपली आहे. पारदर्शक खिशांची, प्लास्टिकची. मी ती पाहिली आहे. २०१९-२० चं जिल्हास्तराचं प्रमाणपत्र, आणि खिसा उलटला की एकदम २०२२. मध्ये काहीच नाही, कोरा खिसासुद्धा नाही.

स्टॅनले चषकावर निदान ‘मालिका अपूर्ण’ असं कोरून ठेवलं आहे.